पाच पन्नासची नोंद

मंगळवार, १३ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच वाजून पन्नास मिनिटे. बेहाडीटोला येथील देवकला शालिक फुंडे, वय त्रेचाळीस, राहत्या घरी मरण पावल्या. त्याआधी सहा दिवस ताप होता. नोंदीत असं आहे.

यातलं वय बरोबर आहे, गाव बरोबर आहे, तापाचे दिवसही बरोबर आहेत. वेळ चुकीची आहे.

नोंद केली निरुपा मेश्राम हिने. निरुपा बेहाडीटोला आणि शेजारची दोन गावं मिळून तीन गावांची मृत्यू-नोंदसेविका. अकरा वर्षं ती हेच काम करते. कुणी गेल्याचा निरोप आला की सहा तासांच्या आत पोचायचं, घरच्यांची संमती घ्यायची, तपासणीचा संच लावायचा, नोंद पाठवायची. संचाचं सरकारी नाव लांबलचक आहे. गावात त्याला नुसतं 'सुई' म्हणतात.

सव्वासहाला ती फुंड्यांच्या घरी पोचली तेव्हा देवकला सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, चटईवर होती. अंगावर भावाने आणलेली हिरवी साडी. उशाशी तो भाऊ, तेजराम चुटे, हातात स्टीलचा पेला धरून बसलेला. तेजराम नागपूरकडे पत्र्याच्या शेडचं वेल्डिंग करतो. दुपारी निरोप मिळाला तसा कामावरूनच निघाला होता. अवजारांची पिशवी अजून खांद्यालाच होती.

"थांबली होती जी माह्यासाठी," तो निरुपाला म्हणाला. "घोटभर पानी पाजलं, अन मंग गेली."

"किती वाजता?" निरुपाने शालिकला, देवकलाच्या नवऱ्याला, विचारलं.

शालिकने भिंतीकडे पाहिलं. "आत्ताच. पाच पन्नासले."

मागे बसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. देवकलाची मुलगी आचल दाराला टेकून उभी होती. ती आईच्या हाताकडे बघत होती.

निरुपाने संच उघडला. सुई दाभणाएवढी असते, फुप्फुसातून आणि यकृतातून कणभर ऊती ओढून घेते.

"दुखनार नाही ना तिले?" तेजरामने विचारलं आणि लगेच आपण काय विचारलं ते कळून त्याने मान खाली घातली.

निरुपाने देवकलाची हनुवटी बाजूला करायला हात लावला. हनुवटी वळली नाही. जबडा ताठ झाला होता. चाळीस मिनिटांत जबडा ताठ होत नाही, हे तिला प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मानेखाली चटई ओली होती. तिने पदराने ती टिपली. मग पडद्यावर वेळेच्या रकान्यात १७:५० लिहिलं. 'नातेवाईक सांगतील ती वेळ लिहावी,' हा नियम आहे. त्या क्षणी तो नियम तिच्या सोयीचाही होता.

*

सुई काय वाचते ते थोडक्यात असं.

शरीरातली प्रत्येक पेशी सतत कामाच्या चिठ्ठ्या लिहीत असते: हे प्रथिन बनव, ते थांबव. या चिठ्ठ्या म्हणजे आरएनए. जंतूंशी झुंज चालू असेल तर चिठ्ठ्या वेगळ्या, हृदय बंद पडलं असेल तर वेगळ्या, विष पोटात गेलं असेल तर आणखी वेगळ्या. माणूस मेला तरी त्या एकदम पुसल्या जात नाहीत. काही दोन तासांत विरतात, काही दिवसभर टिकतात, आणि काही जनुकं तर मृत्यूनंतरच जागी होऊन नव्या चिठ्ठ्या लिहू लागतात. म्हणून संचाला आधी किती तास झाले ते कळावं लागतं. मग तो विरलेल्या चिठ्ठ्या हिशेबात धरतो, मृत्यूनंतरच्या वजा करतो, आणि शेवटच्या घटकेला शरीर कशाशी लढत होतं ते सांगतो.

ऊतीत एखादा जंतू सापडला एवढ्याने तो मृत्यूचं कारण ठरत नाही. शरीर त्याच्याशीच लढता लढता हरलं का, हे बघावं लागतं. त्यासाठी वेळ हवी. तास किती झाले याचा अंदाज संच स्वतःही बांधतो. पण कायद्याने नोंदीतली वेळ खरी आणि यंत्राचा अंदाज तो अंदाज. दोन्हींत दोन तासांहून जास्त फरक पडला तर संच मत देत नाही. 'नमुना अयोग्य, कारण अनिश्चित' एवढं छापतो.

हे यंत्र येण्याआधी गावात मेलेल्या बहुतेकांचं कारण 'ताप' किंवा 'म्हातारपण' होतं. ज्या देशांत डॉक्टरांच्या समोर मरणारे थोडे, त्या सगळ्या देशांत तसंच होतं. कशाने मेले ते माहीत नसल्यामुळे औषध कुठे पाठवायचं ते ठरत नसे. सुईने ते ठरवून टाकलं. सात वर्षांपूर्वी प्रतिजैविकं निकामी होऊ लागली, तेव्हा सरकारने ती कुलुपात ठेवली आणि कुलूप मृत्युकारणांच्या तक्त्याला जोडलं. आता प्रत्येक उपकेंद्रात काचेच्या दाराची एक पेटी असते. परिसरात तीस दिवसांत एकाच कारणाचे तीन मृत्यू झाले की त्या औषधाचा कप्पा आपोआप उघडतो, आणि तापाच्या प्रत्येक रोग्याला ते देता येतं. तोपर्यंत एकेका रोग्यासाठी प्रयोगशाळेचा पुरावा लागतो. चाचणीचे संचही तक्ता बघूनच वाटले जातात.

बेहाडीटोल्याच्या परिसरात २७ सप्टेंबरला एक वृद्धा आणि ४ ऑक्टोबरला एक ट्रॅक्टरचालक गेले होते. दोघांचं कारण एकच: स्क्रब टायफस. गवतातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याच्या चाव्याने होणारा ताप. वेळेत ओळखला तर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांनी बरा होतो. गवतापासून इंधनाच्या कांड्या करणारा कारखाना आल्यापासून या भागातल्या बायका रोज कमरेएवढ्या गवतात असतात. देवकलाही असायची.

दोन झाले होते. देवकला तिसरी.

*

बुधवारी सकाळी अकराला निकाल आला. 'नोंदीतील वेळेनुसार चाळीस मिनिटे. संचाच्या अंदाजानुसार सात तास दहा मिनिटे. नमुना अयोग्य. कारण अनिश्चित.'

निरुपाने सात तास दहा मिनिटं मागे मोजली. अकरा वीस.

तिला राग संचाचा आला नाही. संचाने त्याचं काम केलं होतं. ती उपकेंद्रातल्या खुर्चीवर बसली आणि गेल्या पाच वर्षांतल्या आपल्या तीन गावांच्या 'अनिश्चित' नोंदी तिने एकेक करून काढल्या. अडतीस होत्या. त्यांतल्या एकतीस विवाहित बायकांच्या. बाहेरून बघणाऱ्याला यात काही दिसलं नसतं. निरुपा याच भागात जन्मली होती, याच भागात नांदली होती. माहेरचं माणूस पोचल्याशिवाय बाई 'गेली' असं म्हणायचं नाही, तोवर ती 'जड आहे' एवढंच सांगायचं, ही इथली रीत. भाऊ येतो, साडी घालतो, पाणी पाजतो, मग रडणं सुरू होतं. रडणं सुरू झालं ती वेळ नोंदीत जाते. पुरुषाच्या मृत्यूत कुणाची वाट बघायची नसते, म्हणून पुरुषांना कारणं होती आणि बायकांना नव्हती. एकतीसही वेळा निरुपाने घरच्यांनी सांगितलेली वेळ लिहिली होती.

उपकेंद्राच्या भिंतीवर पेटी होती. काचेतून डॉक्सीसायक्लिनच्या सहाशे गोळ्या दिसत होत्या. वरचा दिवा लाल.

त्याच संध्याकाळी आचलला थंडी वाजून ताप आला. आचल एकोणीस वर्षांची. दिवाळीपुरतं आईबरोबर गवत कापायला जात होती.

*

गुरुवारी निरुपाने जिल्ह्याच्या मृत्युकारण कक्षाला फोन लावला. चौथ्या वेळी लागला.

"वेळेची दुरुस्ती होते ना ताई," तिकडचा तरुण आवाज म्हणाला. "नमुना सातचा अर्ज भरा. संच दुरुस्त वेळेने पुन्हा मत देईल. दहा मिनिटांचं काम."

"मग करून द्या."

"विवाहित स्त्री असल्यामुळे सासर आणि माहेर, दोन्हीकडचं विधान लागेल. स्वतःच्या आवाजात. 'मृत्यू अमुक वेळी झाला, मी पोचण्यापूर्वी झाला,' असं."

"नवऱ्याचं घेते. भावाचं कशाला?"

"सासरचे वेळ बदलून प्रकरणं दाबायचे म्हणून नियम केलाय. बायकांच्याच भल्यासाठी आहे."

"माहीत आहे. तसल्या दोन प्रकरणांत मीच साक्ष दिली होती."

"मग तुम्हाला समजेल."

"समजतंय हो! पण घरात पोरगी तापलीय. यंत्र स्वतः अकरा वीस म्हणतंय. तुमच्या समोर दिसतंय ना?"

"दिसतंय. पण तो अंदाज आहे, ताई. मला सुधारता येत असतं तर सुधारलं असतं. इथे ते बटणच नाही."

दुपारी ती शालिककडे गेली. तो अंगणात विळे एकावर एक रचत बसला होता. विळे रचायचं काही कारण नव्हतं.

"अकरा वीसला गेल्या ना त्या?"

"कोन सांगतलं?"

"सुईने."

शालिकने विळा खाली ठेवला. "कारखान्याची गवताच्या वजनाची गाडी आली होती. तिचा हॉर्न वाजला अन इकडे हिचा श्वास थांबला." त्याने विळ्याची मूठ पुसली. "तेजरामले बाराले फोन केलो. जड हाये, लवकर ये म्हनलो. तो म्हने, फोन दे तिले, बोलतो. म्या म्हनलो, झोपली हाये."

"भाऊ, हे विधान करून द्या. तुम्ही आणि तेजरामभाऊंनी."

"माह्यं घ्या. त्याले नका सांगू."

"त्याचं लागतंच."

"मंग नाही." तो उठला. "साडेसहा तास मेलेल्या बहिनीले पानी पाजलं, हे सांगू त्याले? तो गावभर सांगत फिरते, माह्यासाठी थांबली होती म्हनून. तेवढंच तर भेटलं त्याले."

"आचलला तेच झालंय जे तिच्या आईला झालं होतं. गोळ्या इथे आहेत. भिंतीवर आहेत."

"तिची आई सहा दिवस तापली, मॅडम. तवा कोठी होती तुमची मशीन? मेल्यावर येते. मेल्यावर पुसते कायनं मेली."

आतून आचल खोकली. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

*

शुक्रवारी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर श्वेता दिघोरे उपकेंद्रात आल्या, आचलला तिथेच आणलं होतं. आदल्या संध्याकाळी तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं होतं. तिथे डेंग्यूची चाचणी करून, तापाची गोळी देऊन परत धाडलं. स्क्रबचा चाचणी-संच नव्हता. मागणी नोंदवली होती.

डॉक्टरांनी आचलच्या परकराची नाडी सैल केली. कमरेवर, जिथे नाडी आवळते तिथे, वाटाण्याएवढी काळी खपली होती. विडीने पोळल्यासारखी.

"हे काय आहे ते मला कळतंय," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला कळतंय. त्या कपाटाला कळत नाही." त्यांनी फोटो काढून परवानगीसाठी जिल्ह्याला पाठवला. चार मिनिटांत उत्तर आलं: छायाचित्र प्रयोगशाळेचा पुरावा नाही.

"बाहेरून विकत?"

"नागपुरातसुद्धा सरकारी परवानगीच्या कोडशिवाय एक गोळी मिळणार नाही. काल मी स्वतः तीन दुकानांना फोन केले." त्या पेटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मी सहा वर्षं शिकले, मेश्राम मॅडम. आणि आज मला एका काचेची परवानगी लागते."

"काच पातळ आहे," निरुपा म्हणाली.

डॉक्टरांनी वळून पाहिलं. "तसं केलं तर माझी नोंदणी जाईल आणि तुमची नोकरी जाईल. गुन्हा दाखल होईल तो वेगळा. आणि उपकेंद्राची पेटी सहा महिने बंद. पुढच्या माणसाला काही नाही. हे सगळं मी काल रात्रीच विचारून बघितलंय स्वतःला."

निघताना त्यांनी सांगितलं, अजून दोन दिवस आहेत, कदाचित तीन. श्वास वाढला की कमी.

*

शनिवारी, १७ ऑक्टोबरला, सकाळी साडेअकराला तेजराम भाचीला बघायला आला. संत्री आणली होती. खांद्याला तीच पिशवी. निरुपा आधीच तिथे होती. आचलचा ताप एकशे तीन, श्वास मिनिटाला अठ्ठावीस.

"मॅडम, इथं बसून का करता? दवाखान्यात न्या ना पोरीले."

"नेऊन आणलं."

"मंग औषध द्या."

निरुपाने शालिककडे पाहिलं. शालिक उठून गोठ्याकडे निघाला. तेजरामला काहीतरी आहे एवढं समजलं. "जवाई, बसा," तो म्हणाला. "कोठी चालले? का झालं?"

शेवटी बोलली ती आचल. डोळे मिटूनच.

"मामा, आई सकाळीच गेली होती."

"कोन्त्या सकाळी?"

"त्याच. तू यायच्या आधी. वजनाची गाडी आली तेव्हा." तिला धाप लागली. "मी हात धरून बसली होती. बाबाचा दोष नाही. सगळेच असं करतात."

तेजरामने एक संत्रं सोलायला घेतलं होतं. ते त्याने तसंच ठेवलं.

"नाही. घोट घेतला तिनं. म्या पाह्यलं." तो निरुपाकडे वळला. "तुम्ही तिले पाह्यलं ना जी. तुमची मशीन चुकत असंन. चुकते का नाही मशीन?"

"चुकते कधीकधी."

"मंग?"

निरुपाला हो म्हणता आलं असतं. मग विधान झालं नसतं.

"पाणी खाली आलं होतं, दादा," ती म्हणाली. "मानेखाली. मी टिपलं."

तेजराम हाताच्या तळव्याकडे बघत होता, ज्या हाताने पेला धरला होता त्या. शालिक दारात उभा राहून रडत होता, आवाज न करता. तेजरामने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"म्या फोन द्या म्हनलं होतं," तो म्हणाला. "झोपली म्हनला हा."

मग निरुपाने त्याला तीन मृत्यू, तक्ता, पेटी, गोळ्या, सगळं सांगितलं.

"म्हंजे देवकलाचं नाव तिकडे गेलं की ह्या पोरीले गोळी भेटते."

"हो."

"आना मशीन. का बोलाचं ते सांगा."

विधान एका दमात करावं लागतं, मधे थांबलं तर यंत्र पुन्हा करायला लावतं. पहिल्या वेळी तो 'माझी बहीण देवकला' इथे थांबला. दुसऱ्या वेळी 'मी पोचण्यापूर्वी' इथे. यंत्राने दोन्ही वेळा त्याच सपाट आवाजात सांगितलं: विधान अपूर्ण, कृपया पुन्हा.

"याले म्हना थांबत जा जरा," तेजराम म्हणाला. "मानूस बोलून राह्यला."

तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटून सगळं म्हटलं. शेवटी आपल्या मनाचं जोडलं: "पानी म्या पाजलं होतं. ते बी लिहा." त्यासाठी रकाना नव्हता. यंत्राने तेवढं कापलं आणि विधान स्वीकारलं. शालिकचं विधान पहिल्याच वेळी झालं. एक वाजून बावन्न मिनिटांनी नमुना सात जिल्ह्याला पोचला.

दोन वाजता कक्षाचं उत्तर आलं. 'प्राप्त. पडताळणी अधिकाऱ्याच्या संमतीनंतर पुनर्मत. कार्यालयीन कामकाज सोमवारी.'

निरुपाने सात फोन केले. त्यांतले दोन उचलले गेले. दुसऱ्यावर गुरुवारचाच तरुण आवाज होता. तो सुटीवर होता, घरून बोलत होता. साहेबांना निरोप दिलाय, म्हणाला. ते लग्नाला गेलेत. बघतील.

"कधी बघतील?"

"ताई, मी पुन्हा सांगतो त्यांना."

तीन वाजता डॉक्टर दिघोरेंनी रुग्णवाहिका मागवली. ती दुसऱ्या गावी बाळंतिणीला घेऊन गेली होती. सातपर्यंत येईल असं कळवलं. जिल्ह्याला प्राणवायू मिळेल, गोळी मिळणार नाही, हेही कळवलं. चार वाजता आचलचा ताप एकशे चार झाला, श्वास मिनिटाला छत्तीस. खाट उचलून तिला उपकेंद्रात आणलं, कारण तिथे निदान सलाईन होतं.

तेजराम पेटीसमोर उभा राहिला. बिजागऱ्या त्याने कामाच्या माणसाच्या नजरेने बघितल्या.

"ह्याच का गोळ्या?"

"ह्याच."

"किती लागतात तिले?"

"आज दोन," निरुपा म्हणाली. "मग रोज दोन. सात दिवस."

त्याने अवजारांची पिशवी खांद्यावरून काढून भिंतीशी ठेवली आणि भाचीच्या उशाशी जाऊन बसला. पेल्यात पाणी होतं. आचल थेंबथेंब गिळत होती. प्रत्येक घोटाला तो तिच्या गळ्याकडे बघत होता.

उपकेंद्र पाचला बंद होतं. पेटीच्या खोलीला कुलूप घालून किल्ली नोंदसेविकेने घरी न्यायची, असा नियम आहे आणि सात वर्षांत निरुपाने तो मोडलेला नाही.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी नमुना सातची स्थिती 'प्रलंबित' होती. पेटीवरचा दिवा लाल होता. खोलीचं दार उघडं होतं, किल्ली निरुपाच्या मुठीत होती, आणि भिंतीशी ठेवलेली अवजारांची पिशवी तिथे नव्हती, पेटीखाली उघडी होती.